विजेच्या गाडीत कॅमेरा बसवताना
लहान बॅटरीचा हिशेब चुकला तर गाडीही बंद आणि दुकानाचे नावही बंद

गाडीच्या पुढच्या काचेवर बसवायचा छोटा कॅमेरा, ज्याला बाजारात डॅशकॅम म्हणतात, आता केवळ हौसेची वस्तू राहिलेला नाही. अपघात झाला तर चूक कोणाची, उभ्या गाडीला कोण ठोकून गेले, मालाची गाडी कुठे किती वेळ थांबली, या प्रश्नांची उत्तरे कॅमेरा देतो. त्यामुळे व्यापारी, टॅक्सीमालक आणि माल पोहोचवणारे लोक तो आवर्जून बसवून घेतात. हे काम बहुतेक ठिकाणी कंपनीच्या शोरूममध्ये नव्हे, तर ऑटो इलेक्ट्रिशियनच्या आणि अॅक्सेसरीजच्या दुकानांत होते. या धंद्यात आपल्या समाजातील अनेक उस्ताद आणि त्यांचे शागीर्द पिढ्यान्‌पिढ्या हलाल रोजी कमावत आले आहेत.

मात्र आता दुकानासमोर येणाऱ्या गाड्या बदलत आहेत. ह्युंदाईची कोना इलेक्ट्रिक २०१९ साली भारतात आली. टाटा नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस ईव्ही २०२० च्या जानेवारीत आल्या. महाराष्ट्र सरकारने २०२५ साली नवे विद्युत वाहन धोरण जाहीर केले आणि त्यात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी देण्याचे ठरवले. अशा गाड्यांना सेल्फ नाही, अल्टरनेटर नाही, प्लग नाही. म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या पोटापाण्याची अर्धी कामे त्यांत उरलेलीच नाहीत. मग उरले काय? उरले ते १२ व्होल्टचे काम. कॅमेरा, हॉर्न, म्युझिक, जीपीएस, मोबाईल चार्जर, हवा भरण्याचा पंप, ही सगळी जुनीच १२ व्होल्टची कामे आहेत आणि ती अजूनही आपल्या हातात आहेत. पण पेट्रोल गाडीच्या सवयीने ती केली, तर गिऱ्हाईक एकदाच येईल आणि परत येईल ते तक्रार घेऊनच. म्हणून हा विषय नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

एका गाडीत दोन बॅटऱ्या

विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, गाडीच्या तळाशी बसवलेली. तिच्यावर मोटार चालते आणि तिचा दाब साधारण ३०० व्होल्टच्या पुढे असतो. दुसरी लहान १२ व्होल्टची, पेट्रोल गाडीत असते तशीच. दिवे, वायपर, काचा, दरवाजाचे कुलूप, पडद्यामागचे सर्व संगणक आणि आपण बसवतो त्या सगळ्या वस्तू या लहान बॅटरीवर चालतात.

अनेक मालकांचा समज असा असतो की, एवढी मोठी बॅटरी असताना एका कॅमेऱ्याची काय चिंता? हा समज चुकीचा आहे. व्यापाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगायचे तर मोठी बॅटरी म्हणजे गोदाम आणि लहान बॅटरी म्हणजे गल्ला. गोदामातून गल्ल्यापर्यंत माल आणणारा एक मुनीम आहे. त्याला डीसी-डीसी कन्व्हर्टर म्हणतात. तो मोठ्या बॅटरीचा ३०० व्होल्टचा दाब उतरवून १४ व्होल्टच्या आसपास आणतो आणि लहान बॅटरी भरत राहतो. अल्टरनेटरची जागा त्यानेच घेतली आहे. परंतु हा मुनीम गाडी सुरू असताना, म्हणजे पडद्यावर रेडी अशी खूण असताना, किंवा गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच काम करतो. गाडी बंद करून कुलूप लावले की तो झोपतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गोदामाची किल्ली गल्ल्यातच ठेवलेली असते. मोठ्या बॅटरीचा प्रवाह गाडीत सोडणारे जाडजूड रिले असतात, त्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात. ते बंद-चालू करण्यासाठी १२ व्होल्टच लागतात. लहान बॅटरी उतरली की कॉन्टॅक्टर जुळत नाहीत. मग मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तरी गाडी जागची हलत नाही. इतकेच नव्हे, तर चार्जरची नळी लावली तरी चार्जिंग सुरू होत नाही, कारण चार्जिंग सुरू करणारे संगणकही त्याच १२ व्होल्टवर असतात. धक्का मारून ही गाडी सुरू होत नाही हे वेगळे सांगायला नको.

पूर्वसूचना मिळत नाही

पेट्रोल गाडीत बॅटरी कमजोर झाली की सेल्फ मारताना गाडी कुरकुरते. मालक सावध होतो आणि दुकानात येतो. सेल्फला शेकडो अँपिअरचा झटका लागतो, म्हणून कमजोरी लगेच कळते. विजेच्या गाडीला असा झटका लागतच नाही. संगणक जागे करायला आणि कॉन्टॅक्टर ओढायला थोडासा प्रवाह पुरतो. त्यामुळे लहान बॅटरी अखेरच्या घटकेपर्यंत काम करते आणि एके सकाळी अचानक दगा देते. आदल्या रात्री गाडी अगदी व्यवस्थित होती, मग सकाळी काय झाले, असे मालक विचारतो. आणि गाडीत शेवटचे काम कोणी केले, तर कॅमेरा बसवणाऱ्याने. दोष कोणाच्या माथी येणार हे उघड आहे.

हिशेब करून पाहा

बहुतेक कॅमेरे सुमारे ५ वॅट वीज घेतात. मागचा कॅमेराही जोडला तर थोडी जास्त. ५ वॅटला १२ ने भागले की सुमारे ०.४ अँपिअर येतात. एका दिवसाचे २४ तास धरले तर साधारण १० अँपिअर-तास खर्च झाले. समजा गाडीतली लहान बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त वारंवार उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे वापरण्याजोगे हातात साडेसतरा अँपिअर-तास. भागाकार केला की उत्तर येते ४२ तास, म्हणजे दोन दिवससुद्धा नाहीत. बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी.

आता समजा एखादे गिऱ्हाईक उमऱ्यासाठी पंधरा दिवस गेले आणि गाडी इमारतीखाली उभी आहे. गाडी झोपेत असताना तिची स्वतःची भूक ३० मिलीअँपिअर धरली, तर पंधरा दिवसांत सुमारे ११ अँपिअर-तास जातील. तेवढे ३५ ची बॅटरी सहन करते. पण कॅमेरा चालू राहिला तर पंधरा दिवसांत १५० अँपिअर-तास लागतील, म्हणजे संपूर्ण बॅटरीच्या चौपटीहून अधिक. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच गाडी मृतप्राय होणार.

गंमत अशी की गोदामाच्या दृष्टीने हा खर्च किरकोळ आहे. ५ वॅटचा कॅमेरा दिवसाला ०.१२ युनिट घेतो, पंधरा दिवसांत १.८ युनिट. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ३०.२ युनिटांची होती, तर ३५ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीत अर्धा युनिटही मावत नाही. माल भरपूर आहे, अडचण आहे ती गल्ल्यापर्यंत पोहोचण्याची.

काही गाड्यांत कंपनीने सोय केलेली असते. लहान बॅटरी उतरू लागली की गाडी स्वतः थोडा वेळ जागी होते आणि मोठ्या बॅटरीतून तिला भरते. ह्युंदाई व किया यांच्या अनेक विजेच्या गाड्यांत युटिलिटी मोड असतो. तो लावला की गाडी उभी असतानाही १२ व्होल्टच्या वस्तूंना मोठ्या बॅटरीचा आधार मिळतो. पण ही सोय प्रत्येक गाडीत नसते आणि मोठी बॅटरी कमी असेल तर ती बहुधा बंद होते. शिवाय गाडी जागी राहिली की तिचे संगणक कॅमेऱ्याच्या कितीतरी पट वीज खातात. म्हणून गाडीची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय या सोयीवर विसंबून राहू नये.

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न

काम हाती घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : गाडी उभी असतानाही चित्रण हवे आहे काय? बऱ्याच जणांना फक्त चालत्या गाडीतले चित्रण हवे असते. त्यांच्यासाठी गाडी चालू केल्यावरच ज्या लाईनवर करंट येतो, त्या लाईनवर कॅमेरा जोडावा, किंवा सरळ गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून द्यावा. गाडी बंद, कॅमेरा बंद. लहान बॅटरीवर भार नाही आणि काम अर्ध्या तासात पूर्ण. मात्र काही गाड्यांत सॉकेट गाडी बंद केल्यावरही चालू राहते. ते मीटरने तपासून घ्यावे, अंदाजाने बोलू नये.

उभ्या गाडीचेही चित्रण हवे असेल तर तीन तारांचे किट लागते. एक तार कायम करंटची, एक गाडी चालू झाल्याची खबर देणारी आणि एक अर्थची. यातील लाल आणि पिवळ्या तारेचे काम प्रत्येक कंपनीचे सारखे नसते. एका किटमध्ये लाल तार कायम करंटची, तर दुसऱ्यात पिवळी. रंगावर न जाता तारेवरची चिठ्ठी वाचावी.

या किटमध्ये दाब कमी झाल्यावर कॅमेरा आपोआप बंद करण्याची सोय असते. हीच खरी राखणदार. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते आणि निम्मी झाली की १२.२ च्या आसपास येते. किटवर ११.६, ११.८, १२.०, १२.२ असे पर्याय दिलेले असतात. गिऱ्हाईक जास्त तास मागते म्हणून ११.६ लावणे हा त्याच्यावर उपकार नव्हे. विजेच्या गाडीत १२.२ लावावे. सोबत वेळेची मर्यादा असेल तर तीही सहा किंवा बारा तासांची ठेवावी. काही नव्या गाड्यांत लहान बॅटरीसुद्धा लिथियमची असते. तिचा दाब जवळपास रिकामी होईपर्यंत फारसा उतरत नाही, म्हणून हे आकडे तिला लागू पडत नाहीत. टेस्लाच्या नव्या गाड्यांत तर ही बॅटरी १२ व्होल्टची नसून १६ व्होल्टच्या जवळची आहे. अशा गाडीत काम करण्याआधी पुस्तिका वाचावी.

ज्यांना रात्रंदिवस चित्रण हवेच आहे, त्यांच्यासाठी उत्तम उपाय म्हणजे कॅमेऱ्याची स्वतंत्र बॅटरी. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची ही बॅटरी गाडी चालू असताना भरते आणि गाडी उभी असताना कॅमेरा चालवते. १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तासांची बॅटरी ५ वॅटच्या कॅमेऱ्याला सुमारे पंधरा तास पुरते. गाडीच्या लहान बॅटरीला हातही लागत नाही. खर्च जास्त आहे, पण तो गिऱ्हाइकाला समजावून सांगावा. साधी मोबाईलची पॉवर बँक उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवून हे काम भागवू नये, ते धोक्याचे आहे.

हातकामाची शिस्त

सर्वप्रथम एक गोष्ट गाठीशी बांधावी. नारिंगी रंगाच्या जाड केबलला हात लावायचा नाही. ती मोठ्या बॅटरीची केबल आहे. तो डीसी प्रवाह आहे आणि त्याचा धक्का जीव घेऊ शकतो. गाडी बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये काही काळ दाब शिल्लक राहतो. आपले काम फक्त फ्यूज बॉक्स आणि १२ व्होल्टपुरते आहे. शागीर्दाला पहिल्याच दिवशी हे दाखवावे.

वायर सोलून, पिळून वर टेप गुंडाळण्याची सवय सोडावी. फ्यूज टॅप वापरावा आणि कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज द्यावा. टॅपची बाजू उलटी बसली तर दोन्ही भार मूळ फ्यूजवर येतात, म्हणून करंट कोणत्या पायाकडून येतो ते आधी मीटरने पाहावे. एअरबॅग, ब्रेक, स्टीअरिंग आणि मोठ्या बॅटरीच्या यंत्रणेचे फ्यूज टॅपसाठी घेऊ नयेत. सॉकेट किंवा तशाच बिनमहत्त्वाच्या वस्तूचा फ्यूज निवडावा. मूळ वायर न कापता केलेले काम परत काढता येते आणि वॉरंटीचा वाद उद्भवण्याचा संभवही कमी होतो.

अर्थ बॉडीच्या बोल्टला द्यावा. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर अनेक गाड्यांत करंट मोजणारा सेन्सर असतो. थेट टर्मिनलला अर्थ जोडला तर आपला भार त्या सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा हिशेब चुकतो. काचेच्या बाजूच्या खांबातून तार नेताना ती पडदा एअरबॅगच्या मागून न्यावी, पुढून कधीही नाही. बल्बचा जुना टेस्ट लॅम्प आणि वायरला टोचायची सुई या गाड्यांत वापरू नये. चांगला मल्टिमीटर घ्यावा.

शेवटी झोपेतला करंट मोजावा. यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. घरगुती वायरिंगवाले वापरतात तो साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तो येथे उपयोगाचा नाही. गाडी बंद करून कुलूप लावावे, चावी दूर ठेवावी, अर्धा तास थांबावे आणि मग लहान बॅटरीच्या तारेवर आकडा पाहावा. काम करण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा. दोन्ही आकडे आणि बॅटरीचा दाब बिलावर लिहून द्यावा.

हा आकडा कारागिराचा साक्षीदार आहे. सगळ्याच वेळी दोष कॅमेऱ्याचा नसतो. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ या गाड्या २०२४ साली भारतातही परत बोलावल्या गेल्या होत्या. कारण होते चार्जिंगच्या यंत्रणेतील दोष, ज्यामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरत होती. अशा वेळी ज्याच्याकडे लेखी आकडा आहे, तो शांतपणे आपली बाजू मांडू शकतो. ज्याच्याकडे नाही, तो फुकटात दुसऱ्याचा दोष भरून देतो.

इतर वस्तूंचे काय?

हवा भरण्याचा पंप १० अँपिअर किंवा अधिक घेतो, म्हणून तो गाडी रेडी स्थितीत असतानाच चालवावा. छोटा फ्रिज ५० वॅटच्या आसपास घेतो. उभ्या गाडीत तो कॅमेऱ्याच्या दहापट वेगाने बॅटरी खातो. मागे बसवलेले ट्रॅकर कमी वीज घेतात, पण ओबीडी सॉकेटमध्ये खोचलेली काही उपकरणे गाडीच्या संगणकांना झोपूच देत नाहीत. १२ व्होल्टवरून २३० व्होल्ट करणारा ३०० वॅटचा इन्व्हर्टर २५ अँपिअरपेक्षा जास्त ओढतो. तो सॉकेटवर चालवला तर फ्यूज उडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे वायर तापेल.

जे कारागीर बाहेर जाऊन काम करतात किंवा आठवडी बाजारात दुकान लावतात, त्यांच्यासाठी वेगळी सोय काही गाड्यांत आहे. तिला व्हेइकल टू लोड म्हणतात. तीत मोठ्या बॅटरीतून थेट घरासारखी वीज मिळते. आयोनिक ५ मध्ये ती ३.६ किलोवॅटपर्यंत मिळते आणि २०२३ मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉन ईव्हीतही ही सोय देण्यात आली. ड्रिल, शिलाई मशीन, दिवे, वजनकाटा यावर चालू शकतात आणि लहान बॅटरीवर त्यांचा बोजा पडत नाही. गाडी घेताना व्यापाऱ्यांनी या सोयीची चौकशी जरूर करावी.

गाडी बंद पडलीच तर

लहान बॅटरी उतरली असेल तर चांगली १२ व्होल्टची बॅटरी किंवा जंप बूस्टर पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जोडावा. गाडी रेडी झाली की मुनीम कामाला लागतो. मग अर्धा-पाऊण तास ती तशीच चालू ठेवावी किंवा चार्जिंगला लावावी. विजेच्या गाडीवरून पेट्रोल गाडीला जंप देऊ नये. सेल्फचा शेकडो अँपिअरचा झटका सहन करण्यासाठी तिची यंत्रणा बनवलेली नाही आणि बहुतेक कंपन्या त्याला मनाई करतात. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे की, निघण्यापूर्वी कॅमेऱ्याची कायम करंटची तार सोडवा. त्यासाठी हाताशी एक लहान स्विच बसवून दिला तर तो आपल्याला दुवा देईल.

गिऱ्हाईक गाडीची चावी आपल्या हाती देते, तेव्हा ती अमानत असते. त्याला तारा दिसत नाहीत आणि कळतही नाहीत. तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो. नवीन गाड्या आल्या म्हणून रोजी संपत नाही, ती शिकणाऱ्याकडे जाते. एक चांगला मीटर, एक फ्यूज टॅपचा डबा, बिलावर लिहिलेले दोन आकडे आणि खरे बोलणे, एवढ्या भांडवलावर हे काम आपल्या मोहल्ल्यातील दुकानात राहू शकते. इन्शाअल्लाह, त्यात बरकतही राहील.